उजवीकडचा रकाना

आमच्या सुकापूरच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. पलंगाखाली गठ्ठे, कपाटावर गठ्ठे, डगमगत्या टेबलाच्या पायाखाली घडी केलेलं एखादं. बाबा जमिनीच्या आंदोलनातले. मी अक्षरं जुळवायला शिकले ती ‘बंधू-भगिनींनो’वर. त्यामुळे लिहिणं म्हणजे मागणी करणं, आणि मागणी लिहून झाली की कोणाच्या तरी फाटकावर जाऊन उभं राहणं, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. ती अजून पूर्ण गेलेली नाही.

शाळा पनवेलची, धर्मभगिनींची, मराठी माध्यमाची. दहावीला भूमिती शिकवणाऱ्या सिस्टर मूळच्या वसईच्या, वडिलांची केळीची बाग सोडून एकोणिसाव्या वर्षी धर्मसंघात गेलेल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा साठीला टेकल्या होत्या. ही त्यांची सहावी शाळा. दर वेळी एक ट्रंक घेऊन आल्या आणि तीच ट्रंक घेऊन गेल्या, असं त्या एखाद्या सहलीबद्दल सांगावं तसं सांगायच्या.

त्यांची एक पद्धत होती. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे विधान, उजवीकडे त्याचं कारण. उजवा रकाना रिकामा असेल तर डावीकडचं वाक्य बरोबर असलं तरी त्या खोडायच्या. मी वाद घालायचे.

“सिस्टर, आकृतीत दिसतंय ना, दोन्ही कोन सारखे आहेत.”

“तुला दिसतंय. तपासणाऱ्याला काय सांगशील, माझ्या डोळ्यांनी बघा?” मग वर्गाकडे वळून म्हणायच्या, “आमच्या पुढारीबाईंना कारण लागत नाही. घोषणा दिली की प्रमेय सिद्ध.”

वर्ग हसायचा. सगळ्यांत मोठ्यांदा हसायची माझ्या शेजारी बसणारी. ती उरणकडच्या मासेमारी करणाऱ्या घरातली, शिक्षणासाठी पनवेलला मावशीकडे राहिलेली. नववीत भूमितीच्या चाचणीत ती दोनदा नापास झाली होती. जूनपासून सिस्टर रोज सकाळी, प्रार्थनेच्या तासभर आधी तिला रिकाम्या वर्गात घेऊन बसायच्या. बरोबर चहाचा थर्मास असायचा. एक कारण बरोबर आलं की झाकणातून दोन घोट. “सिस्टर मना चहावर जगवतान,” असं ती सांगायची, आणि दिवाळीच्या आधीच्या चाचणीत ती पहिल्यांदा पास झाली.

दिवाळीची सुट्टी संपली आणि सिस्टरांच्या बदलीचं पत्र आलं. डहाणूकडच्या एका शाळेत शिक्षिका हवी होती. महिनाअखेर निघायचं होतं. दहावीची परीक्षा मार्चमध्ये. माझ्या बाकावरच्या शेजारणीला दुसरं कोणी शिकवलेलं कळत नव्हतं, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, सिस्टरांना तर होतंच.

मी स्टाफरूमच्या दाराशी त्यांना गाठलं. “तुम्ही नाही म्हणा ना.”

“आम्ही आज्ञापालनाचं व्रत घेतो बाळा.”

“म्हणजे गुलामी.”

त्या चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त चष्मा पुसला. “बघू काय होतं ते. तू आधी कालचं प्रमेय पुरं कर.”

ते ‘बघू’ मी ऐकलंच नाही. घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. ‘सिस्टरांवर अन्याय. सिस्टरांना जबरदस्तीने हलवले जात आहे. सिस्टर बोलू शकत नाहीत, म्हणून आम्ही बोलतो. बदली रद्द झालीच पाहिजे.’ बाबांनी दोनदा वाचलं. त्यांना अभिमान वाटत होता हे दिसत होतं, पण अशा कामात त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यांनी नेमकं विचारलं.

“त्यांना इचारलंस का, बाय?”

“त्यांना बोलायला बंदी आहे.”

“पण इचारलंस का?”

“हो,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या नेहमीच्या छापखान्यातून पत्रकं आली. शाळा सुटताना मी फाटकावर वाटली. आयाबाया थांबल्या, वाचू लागल्या, मुख्याध्यापिकांना भेटायला आत शिरल्या. माझ्या अंगावर काटा आला होता. आनंदाचा, हे लपवण्यात अर्थ नाही.

दोन दिवसांनी सिस्टरांनी मला रिकाम्या वर्गात बोलावलं. पत्रक बाकावर होतं.

“मी आठवड्यापूर्वी वर, आमच्या संघाच्या प्रमुख सिस्टरांना पत्र लिहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “मार्चपर्यंत थांबू द्या, एक मुलगी आहे, असं. व्रत म्हणजे तोंड शिवणं नाही गं. विचारता येतं. परवा फोनवर त्या म्हणाल्या, बघते, बहुतेक जमेल. काल परत फोन आला. आता थांबवलं तर सिस्टरनेच फाटकावर माणसं जमवली असं होईल, आणि पुढच्या प्रत्येक बदलीला प्रत्येक फाटकावर पत्रक निघेल. मी शनिवारी निघतेय.”

“मी त्यांना सांगते की तुम्हाला माहीत नव्हतं.”

“मी सांगितलं. त्यांचा विश्वासही बसला. पण निर्णय तोच राहिला.” मग पत्रकाची घडी घालत म्हणाल्या, “मला एकदा विचारायचंस.”

एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर मला भांडता आलं असतं.

शनिवारी ट्रंक रिक्षात चढली. माझी शेजारीण आली होती, माझ्याशी बोलली नाही. सोमवारी बाक बदलून बसली. मधल्या सुट्टीत नळावर फक्त म्हणाली, “माजे सिस्टरला तू घालवलीस.” मार्चमध्ये ती गणितात नापास झाली.

मग तिच्या मावशीच्या पत्त्यावर डहाणूकडून लिफाफे येऊ लागले. प्रत्येकात चार प्रमेयं, डावीकडची विधानं सिस्टरांच्या अक्षरात, उजवा रकाना कोरा. ती भरून परत पाठवायची, त्या तपासून पुन्हा पाठवायच्या. फेरपरीक्षेत ती पास झाली. पेढे घेऊन आमच्या घरी आली, बाबांच्या हातात दिले आणि मला म्हणाली, “तुला अर्धाच.”

त्या काळात एक लिफाफा माझ्याही नावाने आला. माझं पत्रक कागदावर चिकटवलेलं. शेजारी उभी रेघ. उजवीकडे काही नाही.

‘सिस्टर बोलू शकत नाहीत’ हे वाक्य मी स्वतःच खोडलं. त्याला अर्धा तास लागला. ‘सिस्टरांवर अन्याय’ यापाशी मात्र मी अजून अडकले आहे. पस्तीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला आपली बदली थांबवायला विनंती करावी लागते, आणि दुसऱ्याच्या चुकीपायी ती विनंती फेटाळली जाते, हा अन्याय नाही तर काय? मी असं लिहिते. मग आठवतं की ज्या चुकीपायी फेटाळली ती माझी होती. मी खोडते. आज मी पत्रकं लिहिते, लेखही लिहिते, आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांच्या दारात आधी जाऊन विचारते. तरी तो कागद भरत नाही. आज्ञापालन मला तेव्हा पटलं नव्हतं, आताही पटत नाही. सिस्टरांना ते पटलं होतं, की सवयीचं झालं होतं, हेही मी त्यांना कधी विचारलेलं नाही. त्या आता वसईला परतल्या आहेत, त्यांच्या संघाच्या वृद्ध भगिनींच्या घरात. दर सुट्टीत जायचं ठरवते, राहून जातं.

माझी शेजारीण कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका कार्यालयात काम करते. ती वसईला दोनदा जाऊन आली. परवा भेटली तेव्हा म्हणाली, “सिस्टर इचारत होत्या, पुढारीनी कागद परत केला नाय अजून.”

“अजून एक कारण राहिलंय.”

“मंग तसाच घेऊन जा ना. मी काय भरून नेलं होतं रोज?”

रविवारी आम्ही दोघी निघतोय. कागद पिशवीत ठेवलाय. काल पुन्हा बाहेर काढला, लिहिलं, खोडलं, परत ठेवला.