पर्समधलं बूच

आमच्या शहरात नळाला चार दिवसांआड पाणी यायचं, आणि माझ्या नवऱ्यानं बोट पाळली होती. पाळली हाच शब्द बरोबर. ती अंगणात ताडपत्रीखाली असायची, तिच्यापायी स्कूटर रस्त्यावर असायची, आणि दर रविवारी तिला ऑइल पाजलं जायचं. जायकवाडीचं धरण बांधताना साहेब लोकांना फिरवायला आणलेली ही प्लायवूडची बोट पुढं लिलावात निघाली, तेव्हा वाळूजच्या कारखान्यात फोरमन असलेल्या या गृहस्थाला पाझर फुटला. माझ्यासाठी कधी फुटल्याचं आठवत नाही.

बोट मी सोसली असती. सोसवेना ते इंजिन. ते बोटीच्या मागं टांगायचं असतं, आणि कोरडं चालवलं तर जळतं. म्हणून तपासताना पाण्यानं भरलेल्या पिंपात उभं करावं लागतं. पिंप आमचं, पाणी आमचं, चार दिवसांचं. हे दोरी ओढायचे, इंजिन दोन मिनिटं खोकायचं आणि गप्प व्हायचं. पाण्यावर पेट्रोलचा तवंग. एका रविवारी प्यायचं पाणीही त्यात गेलं आणि मी निकाल दिला: यंदाच्या मेळाव्यात बोट पाण्यात चालली तर राहील, नाहीतर सोमवारी भंगारवाला येईल. त्यांनी शब्द दिला.

मेळावा म्हणजे नाथसागराच्या काठी जमलेले जुन्या मोटारबोटींचे आठ-दहा वेडे. पाण्यात कमी, इंजिनात डोकं खुपसून जास्त. बायका चटईवर भाकरी-ठेच्याची राखण करायच्या. पण एक नियम ही मंडळी कडक पाळायची. बोटीच्या मागच्या फळीला तळाशी एक भोक असतं, साचलेलं पाणी काढायला, आणि त्याला पितळी बूच. ते लावायला विसरून एकाची बोट काठालाच बुडून बसली होती. तेव्हापासून बोट उतरवण्याआधी प्रत्येकानं बूच हातात धरून सगळ्यांना दाखवायचं, मग लावायचं. "बूच दाखवा!" असं ओरडण्याचा मान आमच्या ह्यांचा.

निघायच्या सकाळी मी आमच्या बोटीचं बूच ह्यांच्या हत्यारांच्या पेटीतून काढून पर्समध्ये टाकलं. लाज वाटली का? अजिबात नाही. बूच नाही म्हणजे बोट उतरणार नाही आणि सोमवारी अंगण मोकळं, इतकं ते सरळ होतं.

एवढंच ध्यानात आलं नाही, की सगळ्यांना बूच विचारणाऱ्याला कोण विचारणार? ह्यांनी एकेकाचं बूच पाहिलं, "झालं सगळ्यांचं," म्हणाले आणि उत्साहाच्या भरात आपली बोट ढकलली. मी ठेच्याच्या डब्याचं झाकण काढून वर बघते तर हे पाण्यात. लाइफ जॅकेट बुडाखाली उशीसारखं घेतलेलं. पोहता येत नव्हतं. करमाडकडं ज्या विहिरींवर हे वाढले, त्यांत घागर बुडायची मारामार.

तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते खोकलं नाही. बोट सुसाट निघाली.

मी पर्स घेऊन धावले. काठावर एक म्हातारा कोळी जाळं सोडवत बसला होता. त्याला बूच दाखवलं. त्यानं बूच पाहिलं, मग बोट पाहिली.

"बाई, पळती तवर काय नाय. पळताना पाणी भोकातनं भाईर वढलं जातं. थांबली की बसली."

ज्या इंजिनाला मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, ते बंद पडू नये म्हणून आता वेरूळच्या घृष्णेश्वराला साकडं घालत होते. शेजारी ह्यांचा दोस्त, इंजिन जुळवणारा मिस्त्री, अभिमानानं सांगत होता, "भाभी, फिकर नक्को. अब ये बंद नै पडता."

"अहो, थांबू नका!" मी दोन्ही हात हलवून ओरडले. त्यांना ऐकू काय येणार? दिसलं एवढंच, की बायको अखेर बोटीवर खूश झाली. त्यांनी वेग कमी केला आणि हात हलवला. बोटीची मागची बाजू खाली बसू लागली.

 त्या क्षणी मला अंगण नको होतं, पिंपातलं पाणी नको होतं. माणूस हवा होता.

मी मिस्त्रीच्या हातात बूच कोंबलं. त्याचा चेहराच उतरला. "भाई, फुल रेस! सीधा किनारे!" त्यानं हातांनी खुणा केल्या. माझं कधी न ऐकणाऱ्या माणसानं मिस्त्रीचं लगेच ऐकलं. बोट गरजत आली आणि अर्धी चिखलात चढली. आत घोट्यापर्यंत पाणी.

सगळे धावले. मिस्त्रीनं बूच माझ्या हातात परत दिलं. 'खाली पडलेलं सापडलं' अशी थाप तयार होती, पण तोंडातून फक्त हुंदका निघाला. ह्यांनी बूच पाहिलं, माझी उघडी पर्स पाहिली.

"इंजिनाचा आवाज ऐकलास?" त्यांनी विचारलं.

"ऐकला."

चाललेली बोट भंगारात जात नाही, शब्द म्हणजे शब्द. घरी निघताना त्यांनी ते बूच पुसलं आणि माझ्या पर्समध्ये टाकलं. "तिथंच असू दे," म्हणाले. 

तेव्हापासून दर मेळाव्यात, सगळ्यांचं झालं की हे माझ्याकडं वळून ओरडतात, "बूच दाखवा!" मी हात वर करून दाखवते. मग चिखलात गुडघे टेकून ते स्वतः लावते, आणि दोनदा पिळून बघते.