तोंडाला लावलेली वाटी

ये गं, अशी जवळ सरक, कागदावरून का होईना. सख्खी भाची माझी, पुण्यातनं रोज फोन करतेस आणि रोज एकच विचारतेस, "मावशी, डॉक्टर काय म्हणाले?" अगं, मावशी काय म्हणाली ते कधी विचारशील? म्हणून लिहायला बसले. शाळा माझी चौथीपर्यंत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

मला अर्धांगाचा झटका आला ते तुला ठाऊकच आहे. हातपाय परत आले, गळा मात्र आळशी झाला. पाणी प्यायलं की ठसका, चहा प्यायला की ठसका. आधी नाकातनं नळी होती. ती निघाली आणि चमचा आला. सून डब्यातली दाट करायची पावडर पाण्यात कालवून खोलीत मला भरवायची. आणि बाहेर रविवारची मटणाची पंगत! आपल्याकडं पांढरा रस्सा चमच्यानं कोण खातं? वाटी उचलायची, तोंडाला लावायची. मी आत वास घेत बसलेली.

"आई, रस्सा विसर आता," मुलगा म्हणाला. "जीव मोठा का रस्सा?"

"विसरायला मी मेले न्हाय अजून. पंगतीत बसणार आणि माझ्या हातानं वाटी लावणार."

"लई हट्टी हाईस."

"मग तू कुणावर गेलाईस?"

गिळायचं शिकवायला दवाखान्यातनं एक पोरगी यायची. तिला म्हटलं, नुसतं नको म्हणू नकोस बाई, का ते सांग. तिनं नीट सांगितलं. आपण गिळतो तेव्हा श्वासाच्या वाटेवर झाकण पडतं. माझं झाकण उशिरा पडतं. पाणी पातळ, ते झाकण पडायच्या आत धावत सुटतं. दाट पदार्थाचं तसं नसतं. त्याचे थर आतल्या आत एकमेकांना घासतात, अडवतात, म्हणून तो सावकाश उतरतो आणि झाकणाला सवड मिळते.

मला काकवीच दिसली डोळ्यांसमोर. थंडीत बरणी उलटी केली तरी विचार करत बसते ती, आणि जरा उन्हात ठेवली की पळत सुटते.

"काकवी नको, पाणी नको, मधलं काय ते दाखव," म्हटलं मी. तिनं बिनसुईची पिचकारी आणली, दट्ट्या काढला, खालच्या तोंडाला बोट लावून भरली. मग बोट काढलं. जरा थांबून बोट परत लावायचं आणि किती उरलं ते बघायचं. पाणी सगळं वाहून गेलं. माझ्यासाठी कुठवर उरायला पाहिजे, तिथं तिनं पेनानं खूण केली.

मग काय, स्वयंपाकघर परत माझं झालं! नाचणीची आंबील पहिल्या झटक्यात खुणेवर थांबली. रस्सा मात्र दमवत होता. नारळाच्या दुधात काजू, तीळ, खसखस वाटून घालत गेले.

"आत्ती, ह्यो रस्सा न्हाय, खीर झाली," सून म्हणाली.

"खीर तर खीर. वत पिचकारीत."

निवलेला रस्सा खुणेवर थांबला. मी इतकी खूश झाले की त्या पोरीला विचारायलाही थांबले नाही. रविवारी पंगतीत जाऊन बसले. वाटी आली ती आपल्या रीतीनं, वाफाळती. गार रस्सा आपल्यात वैऱ्यालासुद्धा वाढत नाहीत. एकच घोट घेतला आणि डोळे पांढरे व्हायची वेळ आली. मुलगा ताटावरनं उठला, पाठ चोळत बसला.

"बास झालं. हितनं पुढं खोलीतच!"

खोलीत पडले, पण डोकं काही गप्प बसेना. काकवीनं आधीच सांगितलं होतं, ऊन लागलं की पळते म्हणून! मी मोजला गार आणि प्याले गरम.

त्या पोरीला बोलावून घेतलं. आधी तिच्या शिव्या खाल्ल्या, मी नसताना प्यालीसच का म्हणून. तिचं बरोबर होतं. मग म्हटलं, "आता रस्सा पिण्याइतका गरम असतानाच मोज." गरम रस्सा खुणेच्या कितीतरी खाली गेला. वाटण वाढवलं, वाफ थोडी जाऊ दिली, परत मोजला. थांबला.

पुढच्या पंगतीला ती माझ्या शेजारी बसली. मुलाचा घास हातातच. पाठ ताठ केली, हनुवटी खाली घेतली, वाटी ओठाला लावली. घोट आला सावकाश, पाहुण्यासारखा, आणि गुमान खाली गेला. ठसका नाही.

"बघतोस काय?" मी मुलाला म्हटलं. "जेव की, तुझा रस्सा निवतोय."

पाणी आणि चहा अजून दाट करूनच घेते. चहा तसला भिकार लागतो, खोटं कशाला सांगू. ते सुटेल न सुटेल, पण जेवायला मी त्या खोलीत परत जाणार नाही, कुणी कितीही डोळे वटारू देत. आता फोन पुरे. लवकर ये, रविवार धरून ये, आणि माझ्या शेजारच्या पाटावर बस. तुझी वाटी पातळ करू, माझी दाट.