बैलाची खुशाली

गेल्या महिन्यात आम्ही आमचा ग्रुप बंद केला. आमचा म्हणजे एका बैलाच्या चाहत्यांचा. फोनवर सिनेमावाल्यांचे, क्रिकेटवाल्यांचे असे ग्रुप असतात हे लोकांना पटतं, पण बैलाचा म्हटलं की शेजारच्या बँकेतल्या बाई तोंडावर हात ठेवून हसायच्या. त्या इकडच्या नव्हेत. सातारा-सांगलीकडं शर्यतीचा बैल म्हणजे काय, हे मी त्यांना समजावत बसले नाही. आयुष्यभर पोरांना समजावून माझं तोंड दुखलं होतं. मी प्राथमिक शाळेची मास्तरीण, आता रिटायर होऊन कोरेगावात राहते. बैल माझ्या थोरल्या भावाचा, कवठे महांकाळजवळच्या आमच्या गावातला. त्याचं नाव इथं लिहीत नाही. चाहत्यांना ते सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून काही फरक पडत नाही.

गंमत अशी, की ज्या बैलाबद्दल मी दहा वर्षांवर रोज लिहिलं, तो पळताना मी कधी पाहिला नाही. आमच्या वेळच्या बायका मैदानावर जात नसत. मी त्याला पाहिला तो गोठ्यात, दाव्याला, माहेरी गेले की.

त्याचा गाडीवान माझा भाचा, दादाचा एकुलता एक मुलगा. बैलाला त्यानंच शिकवलेलं. त्याच्या हाताखेरीज दुसऱ्या कुणाचा कासरा बैल मानायचा नाही. शर्यतींवर बंदी यायच्या आधीचं शेवटचं मोठं मैदान होतं, त्या दिवशी पहाटे हा पोरगा कुणाला न सांगता फौजेच्या भरतीला निघून गेला. गाडीवर दुसरा माणूस बसला आणि बैल निम्म्या वाटेत पळायची पट्टी सोडून लोकांत शिरला. कुणाला लागलं नाही, पण दादानं ते कायमचं लावून घेतलं. "बैलाला टाकून गेला," एवढंच तो म्हणायचा. मला टाकून गेला, असं चुकूनही म्हणाला नाही. बापलेकांचं बोलणं बंद झालं. वहिनी आधीच वारल्या होत्या, त्यामुळं मध्ये पडायला मी एकटी उरले.

ट्रेनिंग संपल्यावर भाच्याचा मला फोन आला. "आत्ती, बैल कसा हाय तेवढं रोज लिवून टाकत जा. अण्णा तर काय सांगायचा न्हाई." अण्णा म्हणजे त्याचा बाप, माझा दादा. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसा भाच्यानं माझ्या गळ्यात बैल बांधला. मी दादाला म्हटलं, बैलाचं रोज मला सांगशील का? कुणासाठी, ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गोठ्यातली शेणघाण काढून झाली की त्याचा फोन यायला लागला. तीन वाक्यं बोलायचा, त्यातली दोन तक्रारीची. "वैरणीत माती लय हाय. माश्यांनी जीव खाल्लाय. बाकी बरा हाय." ते मी नीट मराठीत लिहायचे आणि वर मथळा द्यायचे, खुशाली.

त्यासाठी काढलेल्या ग्रुपात आधी आम्ही तिघं-चौघं. मग भाच्याच्या पलटणीतले आपल्याकडचे जवान आले, मग त्यांची गावं आली; औंधकडचे आले, तासगावकडचे आले. बघता बघता शेकडो माणसं झाली. आणि या सगळ्या काळात शर्यती बंद होत्या. न पळणाऱ्या बैलाचे एवढे चाहते दुसरीकडं कुठं झाले असतील असं मला वाटत नाही. सकाळी खुशाली आली की लोक खाली हात जोडायचे, "राम राम राजं" लिहायचे आणि कामाला लागायचे. कुणी राजकारण सुरू केलं तर मी शाळेत द्यायची तशी समज द्यायचे. बंदी उठली तेव्हा बैल म्हातारा झाला होता. दादानं त्याला एकदा मैदानावर नुसता मिरवून आणला, आणि त्या दिवशीचे फोटो लोकांनी घरच्या लग्नाचे असावेत तसे जपले.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की खुशाली बैलाची असते आणि नसतेही. दादाला खोकला झाला की बैलाला थंडी सोसायची नाही. दादाचं जेवणावरचं मन उडालं की बैल वैरण टाकायचा. भाचाही काही दूधखुळा नव्हता. "बैलाला म्हणावं डॉक्टरला दाखव, अंगावर काढू नको," असं तो लिहायचा, आणि ते मी दादाला वाचून दाखवायचे. एकदा त्यानं बैलासाठी म्हणून लोकरीची कानटोपी पाठवली. दादानं ती निमूट स्वतःच्या डोक्याला घातली.

भाचा सुट्टीवर आला की बापलेक दोघं गोठ्यात बैलाच्या दोन अंगांना उभे राहायचे आणि बैलाशी बोलायचे. "दमलास व्हय रं लांबनं येऊन?" दादा बैलाला विचारायचा. बैल कुठला लांबनं यायला? पण पलीकडून उत्तर यायचं, "न्हाई, गाडीत झोप झाली." लग्नाचा विषय दादानं असाच एकदा बैलापुढं काढला. बैलानं शेपटी हलवली, पलीकडून काही आलं नाही. मी दारात उभी राहून ऐकायचे. हसूही यायचं, आणि दोघांना दंडाला धरून एकमेकांसमोर उभं करावं असंही वाटायचं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी एका सकाळी दादाचा फोन आला तो नेहमीच्या वेळेलाच. "उसाचं वाढं आवडीनं खाल्लं. उन्हाला बसलाय. डोळं चांगलं हायत." मी लिहिलं. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. बैल सुधारला म्हणून मला बरं वाटलं. मग औंधकडच्या एका चाहत्याचा फोन आला. हा माणूस ट्रॅक्टर चालवतो, सणावाराला आठवणीनं फोन करतो.

"मॅडम, तुमी लय काळजावर दगड ठिवून लिवताय," तो म्हणाला. "आमाला वाचवत न्हाई, तुमी लिवताय कसं?"

"काय लिहितेय मी?"

मला काहीच ठाऊक नाही हे त्याला कळलं. मग त्यानं सांगितलं. बैल जाऊन आठवडा होत आला होता. रानात खड्डा काढून, मीठ घालून दादानं त्याला पुरला होता. हा माणूस माती द्यायला गेला होता, आणखी किती तरी गावांचे लोक गेले होते. साऱ्या मुलखाला ठाऊक होतं, आणि खुशाली लिहिणारी मी रोज सकाळी मेलेल्या बैलाला ऊस चारत होते.

आमच्याकडं एक रीत आहे. फौजी ड्युटीवर असला की त्याला घरचं वाईट कळवत नाहीत. आजी गेली, चुलता गेला, तरी रजेवर आल्यावर जवळ बसवून सांगतात. बर्फात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं चित्त ठिकाणावर राहिलं पाहिजे, एवढाच त्यातला विचार. दादानं ती रीत बैलाला लावली. भाचा तेव्हा सरहद्दीवर उंचावरच्या ठाण्यात होता आणि रजेला अवकाश होता.

मी दादाला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले. मला तरी सांगायचंस, म्हटलं.

"तुला सांगितलं असतं तर तुझ्या हातनं लिवून झालं नसतं, बाय," तो म्हणाला.

ते खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला. पण दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला आणि मी लिहिलं. कळून-सवरून लिहिणं फार जड गेलं. खाली हात जोडले जात होते, "राम राम राजं" येत होतं. ज्यांनी माती दिली त्यांनीही लिहिलं. एवढ्या माणसांतल्या एकानंही श्रद्धांजलीचं अक्षर टाकलं नाही, फोटोला हार घातला नाही. शुभ सकाळची फुलं टाकू नका म्हणून मी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला आणि कुणी ऐकलं नाही. त्याच ग्रुपात ही शिस्त कुणी न सांगता पाळली गेली. मी स्वयंपाकघरात बसून रडले. त्यातलं बैलासाठी किती आणि या लोकांसाठी किती, ते सांगता येणार नाही.

भाचा यायच्या दिवशी मी रेल्वेनं मिरजेला आणि पुढं एसटीनं माहेरी गेले. सांगायचं काम माझ्यावर होतं. दुपारी तो अंगणात आला, बॅग खाली ठेवली. एरवी बूट न काढता आधी गोठ्यात जायचा. त्या दिवशी गोठ्याकडं न बघता ओट्यावर बसला आणि पाणी मागितलं. दादा चहा ठेवतो म्हणून आत गेला.

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी न्हाई."

"मग?"

"तक्रार थांबली, आत्ती. वैरण चांगली, डोळं चांगलं, समदंच चांगलं. अण्णा असं कवा बोललाय? दोन-तीन दिवसांतच वळखलं मी."

"आणि गप्प बसलास?"

"त्यो रोज सांगत हुता न्हवं. मी बोललो असतो तर ते बी थांबलं असतं."

आत कपबशा वाजत होत्या त्या थांबल्या. दादानं ऐकलं असणार. तो चहा घेऊन बाहेर आला, एक कप मुलापुढं ठेवला, एक माझ्यापुढं, आणि स्वतः उंबऱ्यात बसला. बोलायला आता बैल नव्हता. ती रजा अशीच गेली. दोघं मिळून रानात पुरल्या जागेवर जाऊन आले, पिकाला पाणी पाजलं, शेजारी बसून जेवले, पण माझ्या कानावर पडेल असं एक वाक्य एकमेकांशी बोलले नाहीत.

भाचा परत गेला आणि ग्रुप बंद करायचं दादानंच सांगितलं. मी फोन करून विचारलं त्या तरुण पोरांचं म्हणणं वेगळं होतं. एवढी माणसं जमलीत तर मोडायची कशाला, नाव बदलू, एखाद्या नव्या खोंडाचं करू. मी त्यांना म्हटलं, घरचं माणूस गेलं म्हणून त्याच दिवशी त्याच्या पाटावर पाहुण्याला बसवत नाहीत. विषय मिटला. पण मी आतून घाबरले होते. ग्रुप गेला की दादाचा सकाळचा फोन जाणार, आणि तो गेला की बापलेकांत काहीच उरणार नाही. हे मी त्या माणसांना कसं सांगणार? त्यांच्या दृष्टीनं तो बैलाचा ग्रुप होता.

शेवटच्या दिवशी मी खुशाली लिहिली नाही. एवढंच लिहिलं, की आपला बैल उन्हाळ्याच्या तोंडी गेला, ते तुम्हाला ठाऊक होतं, तरी तुम्ही सांभाळून घेतलंत, हे उपकार आमच्या घरावर आहेत. मग इतके दिवस गिळलेलं सगळं बाहेर आलं. दिवसभर लोक लिहीत राहिले. एका जवानानं लिहिलं, की आम्ही पाच जण एका फोनवर खुशाली वाचायचो, वैरणीत माती हाय म्हटलं की आपापलं घर डोळ्यांपुढं यायचं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, आता सकाळी उठून काय वाचायचं?"

संध्याकाळी माणसं बाहेर पडायला लागली. एकेकटी नाही, गावागावानं. एका गावचे सगळे एकदम जायचे, मैदान संपल्यावर एका ट्रॉलीत बसून जातात तसे. दुखवट्याच्या घरातून उठताना "येतो" म्हणत नाहीत. तसे तेही न बोलता उठले. शेवटी मी आणि भाचा दोघंच राहिलो. त्यानं हात जोडले आणि तोही गेला. मग मी बंद केला.

त्यानंतर बरेच दिवस सकाळी फोन वाजला नाही. चहा निवून जाईपर्यंत मी वाट बघायचे. आपणच करावा, तर विचारायचं काय ते कळेना. बैल कसा आहे, याशिवाय इतक्या वर्षांत मी दादाला दुसरं काही विचारलंच नव्हतं. भाचा मात्र तिकडून मला रोज विचारत होता, अण्णा कसा हाय. मी म्हणायचे, बरा असेल.

मग काल दादाचा फोन आला.

"काय रं दादा?"

"काय न्हाई. सकाळी गोठ्यात जातो. झाडायला बी काय नसतंय. तसाच बसतो."

"जेवतोस का?"

"एकट्यापुरतं करवत न्हाई."

"हे त्याला सांग."

"तू लिव की."

"मी नाही लिहिणार. बैलाचं लिहिलं. तुझं तू सांग."

"माझं काय सांगायचं असतंय? मी काय मैदान मारलंय व्हय?"

"तो रोज विचारतोय, दादा. तुझंच विचारतोय."

तो खाकरला आणि म्हणाला, "त्याचा नंबर काय हाय?"

इतकी वर्षं माझ्या भावाकडं त्याच्या मुलाचा नंबर नव्हता, आणि हे मला ठाऊक नव्हतं. कोळसा आणतो म्हणून तो चुलीकडं गेला, त्याचे पाय घासत गेल्याचा आणि परत आल्याचा आवाज आला. "हां, सांग," तो म्हणाला. "सावकाश सांग." मी एकेक आकडा सांगत गेले. तो प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणून भिंतीवर काढत गेला.