स्ट्रेचरवर आडवा झालेला मिस्त्री

माझ्या रुग्णवाहिकेच्या मागच्या चाकांवर हवेचे बलून आहेत. मणका मोडलेला पेशंट वैजापूरहून शहरात आणताना रस्त्याचे धक्के तेच झेलतात. त्यांत हवा भरणारा बॅटरीवरचा कॉम्प्रेसर दुसऱ्यांदा जळाला, तेव्हा मी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडं गेलो.

या माणसाचा मला कायम संशय येतो. काही विचारलं की तो बोटाला लागलेलं ऑइल हुंगतो आणि भलतंच उत्तर देतो.

"इंजिनच्या बेल्टवर फिरणारा घ्या, भाऊ. लई दमदार असतो," तो म्हणाला.

"नवाच आहे ना?"

त्यानं बोट हुंगलं. "हवा झटक्यात भरतो."

त्यानं पुढं ठेवलेल्या कॉम्प्रेसरचा रंग ताजा होता, पण बेल्ट ज्यावर फिरतो ती पुली घासून गुळगुळीत झालेली दिसत होती. दुसऱ्या दिवशी पेशंट आणायचा होता. मी गप्प राहिलो.

कॉम्प्रेसर बसवून झाल्यावर तो हात पुसून मागं चढला आणि स्ट्रेचरवर आडवा झाला.

"मला बांधा अन् फुलंब्रीकडं घ्या. खड्डे चुकवू नका."

मी निघालो. आरशात त्याचे मिटलेले डोळे दिसत होते. थोडं पुढं गेल्यावर तो ओरडला, "थांबवा! हवा पुरत नाय, मागून गाडी बसतीय. पेशंटचं काय खरं नाय. हा काढतो, नवाच लावू."

"मग आधी जुना का लावला, मिस्त्री?" मी चिडून विचारलं.

या वेळी त्यानं बोट हुंगलं नाही. सरळ माझ्याकडं बघितलं.

"पुली तर तुम्हीबी बघितली व्हती. तवा का नाय बोलला?"