तीन दिवसांची पट्टी
काल आईच्या पेटीत तिच्या लुगड्यांखाली डोळ्याची हिरवी पट्टी सापडली आणि कुरखेड्याचं ते डोळ्यांचं शिबिर आठवलं. आईचा एक डोळा कधीच गेला होता. दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही त्यावर पुन्हा पडदा आला होता. वडील अंथरुणाला खिळलेले, आणि तिला त्यांचं तोंड एकदा नीट पाहायचं होतं. शिबिर भरलं होतं त्या शाळेच्या अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोड, आंबूस वास येत होता, आणि आत वर्गात शहरातल्या डॉक्टरांनी जीपमधून आणलेलं लेसरचं यंत्र होतं. उपचार फुकट, त्यामुळे रांग लांब. आईचं काम पाच मिनिटांत झालं, पण ती उठेना. "पट्टी नाई बांधली, तं ऑपरेशन कसं झालं? मले येडी समजून राह्यले का?" या उपचाराला पट्टी लागत नाही, हे सांगून डॉक्टर दमले, शेवटी तिच्या समाधानासाठी त्यांनी ती बांधली आणि घरी गेल्यावर सोडा, असं मला सांगितलं. घरी मी तसं म्हटलं. "मांगच्या बारीले तीन दिवस होती," ती म्हणाली. वडिलांचं आजारपण काढून मीही थकलो होतो. वाद घातला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वडील गेले. तेव्हा तिने स्वतःच पट्टी सोडली आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. "किती वाळले होते गा हे," ती म्हणाली, "मले कोणी सांगतलंच नाई." ती पट्टी तिने का जपली, हे मी तिला कधी विचारलं नाही. काल घडी करून पुन्हा पेटीत ठेवली.