जानेवारीतला बर्फ

समुद्रपुरात जानेवारी महिन्यात बर्फ विकत घेणारी एकच बाई होती. सगळं गाव कानटोप्या घालून शेकोटीभोवती बसलेलं असायचं आणि आमच्या बर्फवाल्या काकू आठवडी बाजारात गिरजाबाई मासोळीवालीपुढे बादली घेऊन उभ्या. घरात कांदा-लसूणही न शिजवणारी ही बाई, आणि मासोळीच्या दुकानात! "मासोळी नको वं बाई, नुसता बर्फ दे," म्हणायच्या. गिरजाबाई हसून हसून बेजार व्हायची, पण पेटीच्या तळाचा, मासोळी न लागलेला बर्फ काढून द्यायची. घरी आणून काकू तो तीनदा धुवायच्या. धुता धुता अर्धा संपायचा, मग गिरजाबाईलाच शिव्या.

हा सगळा खटाटोप एका झाडासाठी होता. झाड म्हणजे काय, तर हातभर उंचीचं, कुबड काढून बसलेलं जुनिपर. देवदाराच्या नात्यातलं, बर्फाळ डोंगरातलं झाड. काकूंचे यजमान फौजेत सुभेदार होते. त्यांची शेवटची बदली हिमाचलात झाली, तेव्हा क्वार्टरमागच्या बागेत त्यांनी हे झाड लावलं. "चार महिने बर्फाखाली राह्यचं रे पंकज," काकू सांगायच्या, "आम्ही समजो, गेलं. बर्फ वितळला की पाहावं तं खाली तसंच्या तसं हिरवं!" निवृत्तीनंतर निघताना सुभेदारांनी त्याची मुळं धरलेली फांदी दूधपावडरच्या डब्यात लावली आणि काकूंनी तो डबा मांडीवर धरून समुद्रपूरपर्यंत आणला. पुढे दोन वर्षांत सुभेदार गेले. "त्यायच्या हातचं आता एवढंच राह्यलं," असं त्या एकदाच म्हणाल्या. पुन्हा कधी बोलल्या नाहीत, पण मला ते पुरलं होतं.

जानेवारीतला बर्फ त्या कुंडीत टाकत नसत. घमेल्यात कुंडी ठेवायची आणि भोवतीनं बर्फ रचायचा. "त्याले झोप पाहिजे. थंडीत झोपलं नाई तं वर्षभर दमलेलं राह्यते." मी म्हणायचो, "काकू, एवढी थंडी हाये ना, माणसं काकडून राह्यले." त्यावर त्या तुच्छतेनं हात झटकायच्या. "हे काय थंडी हाये? तिकडं नळातलं पाणी दगड व्हायचं!" घमेल्यातल्या चार खड्यांनी झाडाला झोप लागत होती का, देव जाणे. काकूंना मात्र तेवढा आठवडा शांत झोप लागायची.

फांद्या वाकवण्याची त्यांची तऱ्हा न्यारी होती. बोन्साय करणारे तांब्याची तार गुंडाळतात, हे मी मोबाइलवर पाहून त्यांना सांगितलं. काकूंनी व्हिडिओ पूर्ण पाहिला आणि म्हणाल्या, "झाडाले बेड्या घालते का कोणी?" त्या नदीकाठचे लहान लहान गोटे आणून सुती दोऱ्यानं फांद्यांना टांगायच्या. "तिकडं फांदीवर बर्फ बसते, त्याच्या वजनानं झाड वाकते. इथं गोटा बर्फाचं काम करते." नव्या फुटव्याला कात्री लावायची नाही, लावली तर टोक जळतं, दोन बोटांच्या चिमटीनं हलकेच खुडायचं. सकाळी नऊ वाजता त्या ओसरीवर बसून असं खुडत असायच्या आणि आमची बायको म्हणायची, "पाहा, काकू नातवाच्या डोक्यातल्या उवा काढून राह्यल्या."

माझं शेजारीच कृषी केंद्र. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. बापापासूनचा धंदा, त्यामुळे झाडापिकांचं आपल्याला फार कळतं असा माझा तोरा. "काकू, त्यापेक्षा लिंबू लावा, लोणचं तरी होईल," म्हणून मी त्यांना चिडवायचो. एकदा मी झाडाच्या तब्येतीची तारीफ केली, तर त्या एकदम गंभीर झाल्या. "याच्या रंगावर जाऊ नको रे. लई खोटारडं झाड हाये. मरून दोन महिने झाले तरी हिरवंच राह्यते. नख लावून खालची साल पाहा लागते." मी हो म्हणालो. कपाशी पाहून मोठा झालेला माणूस मी. हिरवं म्हणजे जिवंत, हे माझ्या डोळ्यांत पक्कं बसलेलं.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी काकूंच्या पोटात दुखायला लागलं. मुलगी नागपूरहून गाडी घेऊन आली. कपड्यांची पिशवी भरायच्या आधी काकू कुंडी घेऊन माझ्या दुकानात आल्या. "घरात नाई ठेवायचं, घुसमटते. उत्तरेच्या भिंतीशी, ओल्या पोत्याच्या आडोशाले. आन् पाणी देण्याआधी पेरभर बोट घालून पाहजो. बोट ओलं आलं तं थेंबभरही देऊ नको." फिरून फिरून चारदा हेच सांगितलं. गाडीत बसल्यावर काच खाली करून पाचव्यांदा, "बोट घालून पाहजो हं!"

पहिला आठवडा मी अगदी शहाण्यासारखा वागलो. मग मे लागला. सकाळी दहालाच दुकानाचं शटर हाताला चटके देऊ लागलं, रस्त्यावर कुत्रंही दिसेना. असल्या उन्हात झाडाला पाणी न देता बसणं मला जमेना. बोट ओलं यायचं, तरी मला वाटायचं, माझ्या भरवशावर ठेवलंय, तहानेनं मेलं तर? म्हणून मी सकाळी तांब्याभर ओतायचो, संध्याकाळी तांब्याभर. वर आपल्याच दुकानातलं चिमूटभर खतही दिलं, लाडानं. आमच्याकडं जीव लावायचा म्हणजे पाणी पाजायचं, दुसरं काही आम्हाला येतच नाही.

रोज संध्याकाळी काकूंचा फोन यायचा. आवाज दिवसेंदिवस बारीक होत चाललेला. "हिरवं हाये का रे?" "हिरवंगार, काकू." मग मुलीच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल. मी कुंडी समोर धरायचो, काकू पडल्या पडल्या बघायच्या आणि म्हणायच्या, "हां. बरं वाटलं." जूनच्या सुरुवातीला एका बाजूची पानं मला राखट दिसली. त्या संध्याकाळी मी ती बाजू भिंतीकडे फिरवली आणि हिरवी बाजू कॅमेऱ्यापुढे धरली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. आजारी माणसाला कशाला सांगायचं, अशी मी माझी समजूत घातली. खरं म्हणजे मला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

जूनअखेर काकू परत आल्या. थोड्या वाळल्या होत्या, पण चेहऱ्यावर तेज होतं. "बरं झालं आता सगळं," असं त्यांनी साऱ्या गल्लीला सांगितलं. चहाही न घेता त्या झाडापाशी गेल्या. कुंडीत बोट घातलं, वास घेतला. मग खोडाला हलकेच नख लावलं. सालीखाली हिरवं काही नव्हतं, सगळं तपकिरी, कोरडं.

"हे तं मे महिन्यातच गेलं रे, पंकज."

मी पस्तिशीतला बाप्या माणूस, ओसरीवर बसून हमसून हमसून रडलो. पाणी, खत, भिंतीकडे फिरवलेली बाजू, सगळं ओकलो. काकूंनी एकेका फांदीचा दोरा सोडून गोटे काढायला घेतले. "आता वजन कायले याच्यावर," म्हणाल्या. सगळे गोटे पदरात घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. "रडू नको, वेड्या. तिथं मले रोज संध्याकाळची वाट राह्यची. तू हिरवं दाखवत होता, म्हणून मी दवाखान्यात जेवत होती. खोटं होतं तं होतं."

त्यांनी झाड फेकू दिलं नाही. "तिकडचे लोक याचा धूप जाळतात. माणूस गेलं की आधी हाच. ठेवजो, लागन." कुणासाठी लागेल, हे विचारण्याची अक्कल मला झाली नाही. दसऱ्याच्या आधी काकू गेल्या. तेव्हा मुलीनं सांगितलं, डॉक्टरांनी मे महिन्यातच हात टेकले होते. काकूंनी तिला शपथ घातली होती, गावात कुणाला सांगायचं नाही. तीन महिने ही बाई आमच्यात हसून-बोलून वावरली, आणि मला, झाडापिकांचं सारं कळणाऱ्याला, काही कळलं नाही. अजूनही त्याचा मला राग येतो. त्यांचा थोडा, माझा जास्त.

घाटावर मी वाळक्या फांद्या मोडून धूप केला. समुद्रपुरात कुणी कधी न घेतलेला वास होता तो, राळेचा, थंड. माणसं एकमेकांना विचारत होती, काय जाळलं म्हणून.

जानेवारीत बाजाराच्या दिवशी गिरजाबाई स्वतः बादली घेऊन दुकानात आली. "सवयीनं बाजूला काढला, भाऊ," म्हणाली, "आन् मंग आठवलं. आता फेकवत नाई." मी बर्फ घेतला, तीनदा धुतला. रिकामी, नुसत्या मातीची कुंडी अजून उत्तरेच्या भिंतीशीच होती. घमेल्यात ठेवून भोवतीनं बर्फ रचला. मग पेरभर बोट मातीत घातलं.

माती कोरडी होती. मी तांब्या घेऊन आलो आणि पाणी दिलं.