बंद होणाऱ्या शाखेचे शेअर

चर्चच्या वेदीवर अंथरायच्या पांढऱ्या कापडाची निम्मी इस्त्री झाली होती, तेवढ्यात इफीचा धाकटा दीर रॉरी मागच्या दाराने आत आला. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या त्या खाडीकाठच्या गावात पुढच्या दाराची वहिवाट पाद्र्याला आणि शवपेटीला. बाकी सगळे मागून.

इफीने इस्त्री उभी केली, किटली चढवली. वसंतात नवरा गेला, हेक्टर, तेव्हापासून तिची सगळी कामं अशीच चालली होती. एकामागून एक, न चुकता, आणि एकही मनाला न शिवता. बर्फात ठेवलेले मासे साफ करताना बोटं बधिर होतात ना, तसं. संध्याकाळची जपमाळ मात्र तिने सोडली नव्हती. ओठ हलायचे, मणी सरकायचे. आपलं लक्ष नसलं तरी देवाचं असतं.

"वहिनी, सोमवारी ठेवीची मुदत संपतेय," रॉरी बसता बसता म्हणाला. "तुम्ही गप्प राहिलात तर बँक ती आपसूक पुन्हा पाच वर्षं बांधून टाकेल."

"बांधू दे."

"आणि भट्टीत तेल कुठून घालणार? जपमाळेने घर तापत नाही."

"भावजी, देवाचं नाव मधे आणू नका. चहा घ्या."

मासेमारीची बोट विकून आलेले ऐंशी हजार डॉलर हेक्टरने ठेवीत टाकले होते. त्याचं व्याज आणि तिचं पेन्शन मिळून घर चालायचं, पण हिवाळ्यात घर तापवायच्या तेलाला कमी पडायचं. तो होता तोवर लाकडं फोडायचा, निभायचं. आता नाही निभलं तर घराला कुलूप लावून दूर कॅल्गरी शहरात, लेकीच्या तळघरात राहायला जायचं. लेक दर रविवारी फोनवर तेच सांगत होती, मायेनेच.

"बँकेचे शेअर घ्या," रॉरी म्हणाला. "दर तीन महिन्यांनी लाभांश. व्याजाच्या दीडपट पडेल. आमच्या आजीने घेतलेले अजून कुणी विकले नाहीत. इथली रीतच आहे, बँकेला शिव्या घालायच्या आणि तिचेच शेअर उशाशी ठेवायचे."

"आणि भाव पडला तर?"

"पडेल की! पडतो, मग चढतो. लाभांश कधी कापणारच नाहीत असंही मी शपथेवर सांगणार नाही."

"हातचं सोडून पळत्यापाठी." इफी कपात साखर ढवळत राहिली. ती साखर घेत नसे. "आणि रविवारी चर्चच्या दारात सही केली ती? गावातली शाखा बंद करू नका म्हणून? पहिली सही तुम्हीच ठोकलीत, एवढ्या मोठ्या अक्षरांत."

"ठोकली ना. शेअर असलेला, आतला माणूस ओरडला तर जरा तरी ऐकू जातं."

"शाखा बंद केली की त्यांचे पैसे वाचणार, आणि तेच माझ्या लाभांशात येणार. होय ना?"

रॉरीने कपात पाहिलं. "बिस्किटं नाहीत का, वहिनी?"

दुसऱ्या दिवशी ती शाखेत गेली. एकच खिडकी उघडी होती, तिच्यामागे नोरीन. तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा इफीच धर्ममाता म्हणून उभी होती.

"नोरीन, खरं सांग. तुझ्याकडे आहेत शेअर?"

"आहेत की, मावशी. दर महिन्याला पगारातूनच कापतात."

"अगं, तुझीच खुर्ची चाललीय!"

"म्हणून तर! खुर्ची गेल्यावर काहीतरी यायला नको का?" नोरीन हसली, मग शिक्के एका रांगेत लावू लागली. "सगळे पैसे शेअरमध्ये टाकू नका हं. मी असं बोलायचं नसतं. पण सगळे नका टाकू."

इफीला राग यायला हवा होता. गावाचा, रॉरीचा, निदान स्वतःचा. तिने थांबून पाहिलं, आला नाही. लाजही आली नाही. भिंतीशी हेक्टर ज्या खुर्चीवर टोपी गुडघ्यावर ठेवून बसायचा त्या खुर्चीकडेही तिने पाहिलं. खुर्ची होती, एवढंच. पण थंडीत पाईप गोठून फुटलेलं घर तिने शेजारी पाहिलं होतं, आणि लेकीच्या तळघरातून चर्चची घंटा ऐकू येणार नव्हती. एवढं तिला कळत होतं. कळण्यावर चालणं भाग होतं, वाटण्याची वाट पाहिली असती तर सोमवार उलटून गेला असता.

"निम्मे शेअरमध्ये," ती म्हणाली. "निम्मे ठेवीत, एक वर्षासाठी. पाच नको."

"मग शहरातल्या शाखेत सही करावी लागेल, मावशी. इथे ते काम आता बंद झालंय. ओळखपत्र आहे ना?"

इफीने पर्स उघडली. गाडी नेहमी हेक्टर चालवायचा. ओळखपत्र म्हणून तिच्याकडे होता तो गाडीचा परवानाच, आणि त्याची मुदत केव्हाच संपली होती.

"हे चालणार नाही," नोरीन हळूच म्हणाली.

"बरं," इफी म्हणाली, आणि परवाना नव्याने करून घ्यायला, फोटो काढायला, दुपारच्या बसने शहरात निघाली.